दगडफुलाची फळी

धुळ्यात अमृतलाल शेठच्या मसाल्याच्या गोदामात भागाबाई दगडफूल निवडायची. बारा वर्षं तिनं हेच काम केलं. पिंपळनेरकडच्या डोंगरांतून पोती यायची. ती गोणपाटावर एक पाय पसरून बसायची, साल, खडे, काटक्या बाजूला काढायची आणि राखाडी पापुद्रे सुपात टाकायची. काळ्या मसाल्यात दगडफूल पडल्याशिवाय खानदेशातल्या भाजीला वास सुटत नाही, हे गोदामातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते उगवतं कसं आणि वाढायला त्याला किती वर्षं लागतात, हे सांगू शकेल अशी तिथं भागाबाई एकटीच होती. ती त्याच डोंगरातली. लहानपणी आईबरोबर झाडावर चढून विळ्याच्या टोकानं तिनं ते खरवडून काढलेलं होतं.

बाई स्वभावानं भित्री. नवरा विहीर खोदताना दरड कोसळून गेला, तेव्हा सुकदेव पाच वर्षांचा होता. एक माणूस शेतातून धावत आला आणि त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून घराच्या दिशेनं कोणी धावत येताना दिसलं, की हिच्या हातातलं काम तिथंच थांबायचं आणि तोंडाला कोरड पडायची. येणारा पुढच्या घरी निघून गेला तरी बराच वेळ ती तशीच उभी राहायची.

बहात्तरचा दुष्काळ सुकदेवनं रस्त्यावर खडी फोडून काढला. पुढच्या चैत्रात गावाबाहेर, त्यांच्या वस्तीच्या उगवतीला, गंधकाच्या तेजाबाचा कारखाना सुरू झाला. बाहेर पिवळ्याजर्द गंधकाचे ढीग, आत भट्ट्या आणि मधोमध एक बुटकी चिमणी. सुकदेवला भट्टीवर काम मिळालं. वस्तीतल्या आणखी नऊ जणांना मिळालं. दुष्काळात लोकांनी काय काय खाल्लं होतं ते लोकच जाणत होते, त्यामुळे वस्तीनं कारखान्याच्या दारात नारळ फोडला. त्याच सुमारास सुकदेवच्या बायकोला, लताला, दिवस गेले.

आषाढात एके दुपारी शेठची मधली मुलगी मंजू गोदामात आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"भागाक्का, मला दगडफूल पाहिजे. जिवंत."

"मरेल दगडफूलनी पोती भरी पडेल शेत अठे," भागाबाई हसली. "जित्तं कसाले पाहिजे, मंजूबाई?"

मंजू तिच्याजवळ गोणपाटावरच बसली. म्हणाली, झाडाला मुळं असतात, ते जमिनीतून पाणी घेतं. दगडफुलाला मुळं नाहीत. त्याला जे काही मिळतं ते हवेतून आणि पावसातून. हवेत विष असलं तर सगळ्यांत आधी तेच मरतं. परदेशात लोकांनी अशी जिवंत दगडफुलं शहरात जागोजागी लावून हवा कुठं खराब आहे ते शोधून काढलंय. आमच्या सरांनी मला धुळ्यात तेच करायला सांगितलंय.

"मुळ्या नहीत त्याले, हाई खरं शे," भागाबाई म्हणाली. बाकीचं तिला नवीन होतं.

दोघी एसटीनं पिंपळनेरला गेल्या. वर डोंगरात भागाबाईनं सालीसकट तळहाताएवढे तुकडे काढून दिले, हिरवट राखाडी, कडा कुरळ्या, पावसानं टवटवीत झालेले. मंजूनं ते लाकडी फळ्यांवर बसवले. दोन फळ्या तिथंच डोंगरात राहू दिल्या आणि बारा धुळ्याला आणल्या. चार गावात लागल्या. तीन कारखान्याच्या उगवतीकडच्या शेतांत आणि चार वस्तीतल्या झाडांवर सुतळीनं बांधल्या. एक वस्तीच्या दक्षिणेला, टेकाडावर म्हसोबाचं ठाणं होतं, तिथल्या निंबाला बांधली. मंजू पंधरा दिवसांनी रविवारी यायची. मधल्या दिवसांत गोदामातून परतताना भागाबाई वस्तीजवळच्या फळ्या बघून ठेवायची.

श्रावणात शेतातल्या पहिल्या फळीची कड पांढरी पडली. भागाबाईला आधी वाटलं, पाखरानं काही टाकलं असेल. तिनं बोट लावलं तर कड पापडासारखी तुटून हातात आली. भादव्यात शेतातल्या तिन्ही फळ्या मेल्या. पावसाळा ऐन भरात, शेजारचा ज्वारीचा वाफा चिखलानं भरलेला आणि दगडफूल मात्र उन्हाळ्यात वाळावं तसं पांढरंफटक! शेताच्या बांधावर एक म्हातारा आंबा होता. त्याच्या खोडावर मुळातच राखाडी ठिपके होते, ते भागाबाईनं कैकदा पाहिलेले. आता खोड धुतल्यासारखं कोरं दिसत होतं. ती आंब्याभोवती एक फेरी मारून आली. कोणी तरी येऊन गेल्यासारखं तिला वाटलं. आलं कधी, गेलं कधी, कोणाला दिसलं नाही.

वस्तीतल्या फळ्या मात्र हिरव्या होत्या.

रविवारी मंजूनं वहीत नकाशा काढून दाखवला. मध्ये कारखाना, उगवतीला तीन काळ्या फुल्या, मावळतीला वस्तीतले चार हिरवे गोल आणि दक्षिणेला टेकाडावरचा एक. "वारा मावळतीकडून येतो ना, म्हणून धूर सगळा शेतांवर जातो. वस्ती वाचली."

भागाबाई वहीकडे बघत राहिली. जन्मभर तिनं खळ्यावर धान्य उफणलं होतं, सुपातला कचरा वाऱ्यावर सोडला होता. कुठल्या महिन्यात कुणीकडं तोंड करून उभं राहायचं, हे तिच्या पायांनाच ठाऊक होतं.

"मंजूबाई," ती हळूच म्हणाली, "आते वारा तिकडे जास. दसरा व्हयना का वारा फिरस. मंग?"

मंजूची पेन्सिल थांबली. कारखाना सुरू झाल्यापासून हिवाळा आलाच नव्हता, हे दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं.

त्या संध्याकाळी भागाबाईनं सुकदेवला भाकरी वाढता वाढता सगळं सांगितलं. तो आधीच वैतागलेला होता. त्याचे डोळे आता कायम लाल असायचे, सदऱ्याला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं पडलेली असायची.

"माय, तुन्हं डोकं फिरनं का?" तो म्हणाला. "मुकादमनी आज माले इचारं, तुन्ही माय झाडले काय बांधत फिरस? मन्ही रोजी जाई, समजनं? परत खडी फोडाले जाऊ का मी?"

"तुन्हा डोया दख एकदाव," ती म्हणाली.

"भट्टीवर डोया लाल व्हतसच."

लता कोपऱ्यात बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिचा हात पोटावर होता. भागाबाईनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. रोजी गेली तर काय होतं, हे तिनं पाहिलेलं होतं, आणि त्याचीही तिला भीती होतीच.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या वच्छलाबाईची शेळी मेली. कशानं मेली, देव जाणे. पण वच्छलाबाईच्या दारातल्या बोरीवर एक फळी होती, झाडाची साल, वर केसाळ काहीतरी, सुतळीच्या गाठी. दुपारी भागाबाई परतली तेव्हा तिच्या घरासमोर पंधरा-वीस बायामाणसं उभी होती. चारही फळ्या तोडून जमिनीवर टाकलेल्या.

"मन्ही बकरी मरी गयी!" वच्छलाबाई ओरडली. "काय बांधं व्हतं तू? कोनले मारानं शे तुले?"

"करणी शे," मागून कोणी तरी म्हणालं.

करणीचा आळ आलेल्या एका बाईचं माहेरच्या गावात लोकांनी काय केलं होतं, ते भागाबाईनं लहानपणी पाहिलेलं होतं. तिनं खाली बसून एका फळीवरचं दगडफूल तोडलं, तोंडात घातलं आणि चावायला लागली. ते कडू, चिवट, गिळता गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं गिळलं.

"दगडफूल शे," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही मसालामा टाकतस, तेच."

वच्छलाबाई जवळ आली. फळीवरचा तुकडा उचलून तिनं वास घेतला. वास मसाल्याचाच होता. तिनं तुकडा खाली टाकला आणि ती माघारी वळली. बाकीचेही पांगले. मात्र त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका पाण्यावर भागाबाईला जागा सोडून उभ्या राहू लागल्या.

चार दिवसांनी अमृतलाल शेठनं तिला गोदामाच्या आतल्या खोलीत बोलावलं. एरवी त्यांचा आवाज खणखणीत, त्या दिवशी खाली गेलेला.

"भागाबाई, ते झाडाचं काम आता बंद. कारखान्याच्या मालकांचा माणूस येऊन गेला. आम्ही व्यापारी लोक, बाहेरून येऊन इथं बसलेले. आम्हाला कुणाशी वैर परवडत नाही. मंजूला मी सांगितलंय, तीही जाणार नाही."

"शेठ, वारा फिरनारा शे," भागाबाई म्हणाली.

"मला काही सांगू नका," शेठ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्यासारखाच हाही माणूस घाबरला आहे, हे बघून भागाबाईला उलट जास्तच भीती वाटली.

त्याच संध्याकाळी मंजूनं घरगड्याच्या हाती एक फळी गुपचूप पाठवली. सोबत निरोप होता, गावातली एवढी एकच उरलीय, अक्का, तुम्हीच बघा. भागाबाईनं ती घराच्या मागं, सहज दिसणार नाही अशी, निंबाला बांधली.

कार्तिकात वारा फिरला. पहिल्या दिवशी तिला तो गालावर कळला. मग वाळत घातलेल्या लुगड्यांना भोकं पडायला लागली. मग सकाळी पोरं खोकायला लागली. थंडी शे, लोक म्हणाले. तिनं रोज फळी बघायचा सपाटा लावला. अठरा दिवस काही नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी एक कड पांढरी झाली. तिनं नखानं खरवडून पाहिलं, खालचा हिरवा थर उरलाच नव्हता. महिना व्हायच्या आत बोटाएवढा भाग गेला.

तिनं सुकदेवला विचारलं नाही. लताची दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि दुपारच्या एसटीनं तिला पिंपळनेरला, आपल्या भावाच्या घरी नेऊन सोडलं. "बाळंतपण अठे. मी सांगसू तवय परत ये," एवढंच ती म्हणाली. लता रडली. "आत्याबाई, ते रागे भरतीन," म्हणाली. भागाबाई म्हणाली, भरू दे.

सुकदेव रागावलाच. दहा दिवस आईशी बोलला नाही. स्वतः डबा भरून घ्यायचा आणि निघून जायचा.

पौषातली ती सकाळ. थंडी कडाक्याची, वारा एवढासाही नाही, पांझरा नदीवरून दाट धुई आलेली. सुकदेव पहाटेच कामावर गेला होता. उजाडल्यावर भागाबाई कळशी घेऊन बाहेर पडली आणि थांबली. निंबाचं एकही पान हलत नव्हतं. कारखान्याच्या चिमणीतून धूर वर जाण्याऐवजी बाहेर पडताच वाकून खाली येत होता आणि जमिनीवरून वस्तीकडं सरकत होता. तो नेहमीपेक्षा दाट होता. आतून भोंगा वाजत होता, थांबत नव्हता. मग तिच्या घशात तो वास शिरला, शंभर आगकाड्या एकदम ओढल्यासारखा, आणि तिला श्वास घेता येईना.

सुकदेव आत आहे, हे तिला त्याच क्षणी आठवलं. कारखान्याकडं धावायला हवं होतं. तिनं एक पाऊल टाकलंही. पण समोर तो पांढरा धूर, आणि पाय पुढं जाईनात. ती उलटी फिरली.

लोक घराबाहेर पडून खोकत होते. सगळ्यांचा ओढा नदीच्या उताराकडं, पाण्याकडं होता. धूरही तिकडेच उतरत होता. भागाबाईच्या डोळ्यांपुढं मंजूची वही आली. टेकाडावरचा गोल. शेतातल्या फळ्या मेल्या होत्या, घरामागची मरत होती. टेकाडावरच्या फळीला कोणी हात लावला नव्हता आणि ती परवापर्यंत हिरवीगार होती.

"टेकाडवर चला!" ती ओरडली. पदर ओला करून तोंडाला लावला आणि दारं ठोठावत निघाली. "बठ्ठा टेकाडवर चला! नदीकडे कोनी जाऊ नका!"

ज्या वच्छलाबाईनं तिला चेटकीण ठरवलं होतं, ती दारात दोन नातवंडं घेऊन गोंधळून उभी होती. भागाबाईनं एक पोर उचललं आणि तिच्या हाताला हिसका दिला. वच्छलाबाई मुकाट्यानं मागं आली. तिच्या मागं बाकीची घरं निघाली. वर म्हसोबापाशी पोचल्यावर लोक जमिनीवर आडवे पडून हवा ओढू लागले. खाली वस्ती दिसत नव्हती. दुधासारखा धूर, त्यातून एखादं झाडाचं टोक तेवढं वर आलेलं.

जीवराम नाना खालीच राहिला होता. सगळ्यांत कडेच्या झोपडीत एकटाच असायचा, ऐकू कमी यायचं. त्याच्या दारापर्यंत भागाबाई पोचली नव्हती. दुपारी वारा सुटून धूर निवळला, तेव्हा तो खाटेखाली पडलेला सापडला. गेलेला.

भागाबाई टेकाडावरून कारखान्याच्या फाटकाकडं बघत बसली होती. कोणी तरी तिकडून धावत येताना दिसलं आणि ती उठून उभी राहिली. तो माणूस तिच्याच दिशेनं येत होता. या खेपेला तो पुढच्या घरी गेला नाही.

"सुकदेवले दवाखानामा नेलं," तो धापा टाकत म्हणाला. "जित्ता शे."

ती सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा सुकदेव भिंतीला टेकवून बसवलेला होता. डोळ्यांवर ओली पट्टी. कारखान्यात एक नळी फुटली होती. बाकीचे पळाले, आणि तो दोघांना ओढून बाहेर काढताना दोनदा आत गेला होता. तिनं त्याचा हात धरला. त्याचे ओठ हलले, आवाज आला तो कागद चुरगळल्यासारखा.

"माय, लता?"

"पिंपळनेरले शे. बरी शे."

तो रडायला लागला आणि रडताना खोकायला लागला. आईशी दहा दिवसांनी बोललेले ते त्याचे पहिले शब्द होते.

दोन जणांचा जीव गेला, जीवराम नानाचा आणि एका कामगाराचा. चौकशी लागली. साहेब वस्तीत आले तेव्हा मंजू वही घेऊन आली, आणि तिच्याबरोबर अमृतलाल शेठ स्वतः आले. सगळा वेळ ते घाम पुसत उभे होते, पण उभे राहिले. वहीतल्या तारखा बघून साहेबांनी विचारलं, हे आधीच माहीत होतं तर सांगितलं का नाही? मंजूनं शेठकडं पाहिलं. कारखाना पाच महिने बंद राहिला. मग उंच चिमणी बांधून पुन्हा सुरू झाला. वस्तीतले काहीजण पुन्हा कामाला लागले. न लागून काय करणार होते?

लताला पिंपळनेरला मुलगी झाली, नीट, रडणारी. सुकदेवची छाती मात्र गेली ती गेलीच. चार पावलं चढ लागला की तो थांबायचा, आणि त्याचा आवाज पुन्हा कधी फुटला नाही. भागाबाईनं धुळं सोडलं. साक्रीच्या आठवड्याच्या बाजारात त्यांनी मिरची-मसाल्याचं दुकान मांडलं. माल अमृतलाल शेठ पाठवायचे. हाका लता मारायची, सुकदेव मागं बसून पुड्या बांधायचा.

पुढं मंजू त्याच कॉलेजात शिकवायला लागली. अठ्ठ्याहत्तर साली तिनं हट्टानं भागाबाईला वर्गात आणून मुलांसमोर उभं केलं. मुलांनी तिला नाना प्रश्न विचारले. एका मुलीनं विचारलं, "आजी, एवढं धाडस तुम्हाला कसं झालं?"

भागाबाई गोंधळली. टेबलाची कड धरून उभी राहिली आणि मग तिनं जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. धाडस नव्हतं, पोरी. मन्हा पोऱ्या आत व्हता आणि मी तिकडे गयू नही. मी भ्याईसन पयनू. वाटवर दारं व्हतीत, म्हनीसन वाजाडत गयू. तरी जीवराम नानाचं राहिलंच.

मंजूनं पुढं होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"साक्रीची गाडी किती वाजता शे?" भागाबाईनं तिला विचारलं. "सुकदेवनी छाती सकाळपासून वाजी ऱ्हायनी. माले जाऊ दे."

मंजू तिला सोडायला स्टँडवर गेली. गाडीला अवकाश होता. भागाबाई बाकावर बसली नाही. पिशवी छातीशी धरून, साक्रीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं निरखत, कोणी आपल्याला शोधत तर आलं नाही ना ते बघत, गाडी लागेपर्यंत ती उभीच होती.